इसा म्हणजे थांबणं

"डावा हात. आणि आत बघायचं नाही," ऊर्मिला घारपुरे म्हणाल्या.

मी डोळे मिटून डावा हात पिशवीत घातला. जांभळ्या मखमलीची पिशवी, आत लाकडाच्या चकत्या, प्रत्येक चकतीवर एक खूण कोरलेली. उत्तर युरोपातल्या जुन्या लोकांच्या लिपीतली ही अक्षरं. एकेका अक्षराला रून म्हणतात आणि प्रत्येक रूनला स्वतःचा अर्थ असतो, असं आम्हाला इथे शिकवलं होतं. आज जो हाताला लागेल तो महिनाभर आपला. त्याच्याबरोबर राहायचं, त्याचा अभ्यास करायचा आणि शेवटच्या वर्गात सगळ्यांसमोर तो मांडायचा.

मला एकच रून हवा होता. मी अंगठ्याने चकत्या चाचपत गेले. बाणासारखी एक. दोन उभ्या रेघा आणि मध्ये तिरपी, अशी एक. चौकटीसारखी एक. खाचा चांगल्या खोल होत्या, त्यामुळे काम अवघड नव्हतं. मग अंगठा एका सरळ खाचेवरून घसरला. वर फाटा नाही, खाली फाटा नाही.

"किती ढवळतेस गं?" शेजारून मालपाणी वहिनी म्हणाल्या. "आमटी आहे का ती?"

मी चकती बाहेर काढली. एकच उभी रेघ.

"इसा!" ऊर्मिलाबाईंचा चेहरा खुलला. "बर्फ. किती सुंदर रून आलाय तुला, निरुपमा. इसा म्हणजे थांबणं. आजूबाजूचं सगळं स्तब्ध होतं, आपणही व्हायचं. आणि याला उलटा अर्थच नाही, कारण उलटा धरला तरी रेघ तशीच."

"हो," मी म्हणाले. "ते मला माहीत आहे."

पुढचा हात मालपाणी वहिनींचा. त्यांनी फार न शोधता एक चकती काढली आणि ऊर्मिलाबाईंनी सांगायच्या आत तिची खूण भिंतीवरच्या तक्त्यात शोधली. "अगं बाई! गारपीट? ताई, आमच्या ह्यांची पिंपळगावला बाग आहे हो. घड धरलेत. हा नको, मी दुसरा काढते."

सगळे हसले. ऊर्मिलाबाईही हसल्या, पण मान हलली ती नकारार्थीच. "एकदाच. रून एकदाच काढायचा असतो, वहिनी. पुन्हा हात घातला, म्हणजे त्याच्यावर तुमचा विश्वास नाही असं झालं."

"मग ह्यांना काय सांगू?"

"जाळी लावायला सांगा," खैरनार काका म्हणाले. ते पोस्टातून निवृत्त झाले होते. बायको गेल्यावर दुपारी घर खायला उठतं म्हणून या वर्गाला येत. आम्ही सातआठ जण होतो. त्यातल्या या दोघांशीच माझं बोलणं होई.

याला आता बारा वर्षं झाली. नाशिकला गंगापूर रोडवर, एका कापडदुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर हा वर्ग भरे. सतरंज्या, उदबत्ती, खिडकीत तुळस, भिंतीवर बर्फाळ डोंगराचं चित्र. वर्ग संपला की ऊर्मिलाबाई स्वतः चहा करत. कुणाला साखर कमी, कुणाला आलं नको, हे त्यांच्या पक्कं लक्षात असे. सगळे त्यांना ऊर्मीताई म्हणत. मी मॅडम म्हणत असे. माझ्या तोंडात ताई हा शब्द एकाच माणसासाठी होता, आणि ते माणूस दीड वर्षापूर्वी गेलं होतं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, कुंदा. ती शाळेत गाणं शिकवायची. तिच्या उजव्या छातीत गाठ लागली तेव्हा मी म्हैसूरला नोकरीला होते. सर्जनने ताबडतोब तपासणी आणि ऑपरेशन सांगितलं होतं. ताई घाबरली. तिच्या शाळेतल्या कुणीतरी तिला या खोलीत आणलं, आणि तिने डाव्या हाताने या पिशवीतून एक चकती काढली. इसा. त्यावर तिला जे सांगितलं गेलं, ते तिने मला हॉस्पिटलच्या खाटेवर सांगितलं, फार उशिरा, आणि तेही ऊर्मिलाबाईंवर रागावून नाही. "त्या म्हणाल्या, बर्फात सगळं जसंच्या तसं राहतं. थांब." ताई थांबली. नवऱ्याला म्हणाली, डॉक्टरांनी नुसतं लक्ष ठेवायला सांगितलंय. गाठ थांबली नाही. ती मणक्यात पोचली.

त्यानंतर मी नाशिकजवळ दिंडोरीच्या कारखान्यात नोकरी घेतली. तिथे मटार, मका, आंब्याच्या फोडी गोठवतात. माझं काम बर्फाचं. किती थंडीत केवढा स्फटिक होतो, तो पेशीला काय करतो, किती दिवस टिकतो, हे बघायचं. नोकरी स्थिरावल्यावर मी सासरच्या आडनावाने ऊर्मिलाबाईंच्या वर्गात नाव घातलं.

पोलिसात जाता आलं असतं का, हे मी विचारून आले होते. वकिलांनी विचारलं, "बाईंनी औषध दिलं? डॉक्टरकडे जाऊ नको म्हणाल्या? नाही? मग गुन्हा काय लावायचा?" गुन्हा लागणार नव्हता. मग मला एवढंच हवं होतं, की या बाईंनी तो ‘थांब’ स्वतःवर घ्यावा. लोकांसमोर, इथेच, याच सतरंजीवर. त्यासाठी मी आठवड्यातून दोन दुपारी येऊन त्यांचा बिनसाखरेचा चहा पीत होते.

त्यांनीच मला वाट दाखवली. त्यांच्या वर्गात एक रिवाज होता, त्यांनी स्वतः घातलेला. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने स्वतः कोरलेल्या चकत्यांची पिशवी आणायची. आपला रून मांडून झाला की ती पिशवी त्यांच्यापुढे धरायची. त्या तीतून एक रून काढत आणि तो सांगेल तसं पुढच्या पौर्णिमेपर्यंत वागत. याला त्या गुरुदक्षिणा म्हणत. "शिष्याने गुरूला आज्ञा करायची, असा हा एकच दिवस," असं त्या कौतुकाने सांगत. पिशवी कुणी आधी तपासत नसे. विश्वासाची गोष्ट होती.

मी जांभळाची फांदी आणली, कारखान्यातल्या सुताराकडून तिच्या चकत्या पाडून घेतल्या आणि महिनाभर कोरत बसले.

शेवटच्या वर्गाला ऊर्मिलाबाईंचा डावा गाल सुजलेला होता. पदर गालाला लावून त्या बसल्या होत्या आणि तोंडात लवंग होती, वास सगळ्या खोलीभर.

"दाढ," त्या म्हणाल्या. "काल दुपारपासून. पू झालाय म्हणे. सहाची वेळ घेतलीये डॉक्टरची, तोवर आपलं उरकू. रद्द करायला जीव होईना, तुम्ही सगळे एवढी तयारी करून आलात."

"पेनकिलर घेतली का?" खैरनार काकांनी विचारलं.

"दोन घेतल्या. ठणका काही जात नाही."

हे मी योजलं नव्हतं. मी ठरवलं होतं ते वेगळं होतं. इसा आला की पौर्णिमेपर्यंत वर्ग, सल्ले, नवीन माणसं, सगळं बंद ठेवावं लागेल, आणि त्या काहीतरी सबब काढतील. ती सबब मला सगळ्यांसमोर हवी होती. दाढ आपली आपण चालून आली.

मालपाणी वहिनींनी गारपीट मांडली. म्हणजे त्यांनी बागेची सगळी हकिगत सांगितली, आणि शेवटी, "एवढं सगळं झालं, पण गारा काही पडल्या नाहीत. रूनचीच कृपा," असं म्हणून हात जोडले. त्यांच्या पिशवीतून ऊर्मिलाबाईंनी सुगीचा रून काढला आणि सगळ्यांना पेढे द्यायचं कबूल केलं. खैरनार काकांच्या पिशवीतून प्रवासाचा निघाला, पण डोकं खाली, म्हणजे उलटा.

"प्रवास टाळायचा," ऊर्मिलाबाई म्हणाल्या. "बरंच झालं. वन्संकडे सोलापूरला जायचं होतं, आता सुटले."

पुन्हा हशा. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ये निरुपमा. तुझ्याकडून मला फार अपेक्षा आहे हं. शास्त्रातली मुलगी तू, तू काय शोधलंस ते ऐकायचंय."

मी उभी राहिले.

"घरी फ्रीजरमध्ये आइस्क्रीमचा डबा बरेच दिवस राहिला तर काय होतं?" मी विचारलं.

"खरखरीत लागतं," मालपाणी वहिनी म्हणाल्या. "दाताखाली खडे आल्यासारखं."

"का?"

"का म्हणजे? जुनं होतं म्हणून."

"आत बर्फाचे अगदी बारीक कण असतात. ते तसेच राहत नाहीत. बारीक कण विरत जातात आणि त्यांचं पाणी मोठ्या कणांवर जाऊन गोठतं. मोठे आणखी मोठे होतात. डबा बंद, थंडी तशीच, बाहेरून काही दिसत नाही. पण आत वाढ चालू असते. मटाराचा दाणा वर्षभर गोठवून ठेवला तरी हिरवाच दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की कळतं, बर्फाने त्याच्या पेशी आतून फाडलेल्या असतात."

"सायन्स नको गं," ऊर्मिलाबाई गाल धरून म्हणाल्या. "तुला काय जाणवलं ते सांग. इसाबरोबर राहून."

"हेच जाणवलं. मी रोज बर्फच बघते, मॅडम. तो थांबत नाही. ज्यांनी ही खूण पहिल्यांदा कोरली, त्यांच्याबद्दलही मी मिळेल ते वाचलं. त्यांच्यासाठी बर्फ म्हणजे विसावा नव्हता. तो पायाखाली फुटायचा, माणसं आत जायची. थांबा, सगळं जसंच्या तसं राहील, हा अर्थ त्यांचा नाही. तो अलीकडच्या पुस्तकांनी लावलेला आहे."

ऊर्मिलाबाई समजूतदारपणे हसल्या, अर्ध्या चेहऱ्याने. "प्रत्येकाला रून वेगळा दिसतो. तुला असा दिसला. मला मात्र इसाने आजवर कधी दगा दिला नाही." त्यांनी हात पुढे केला. "आण तुझी पिशवी."

मी पिशवी धरली. त्यांनी डोळे मिटले, डावा हात घातला आणि चकती काढली.

"अगं! हाच आला की," मालपाणी वहिनी ओरडल्या.

एकच उभी रेघ. ऊर्मिलाबाई कौतुकाने तिच्याकडे बघत राहिल्या. "बघितलंस? तू त्याला नावं ठेवलीस आणि तोच माझ्याकडे आला. ठीक आहे. पौर्णिमेपर्यंत थांबायचं. जे आहे ते तसंच राहू द्यायचं, कशात हात घालायचा नाही."

"मग सहाची वेळ?" मालपाणी वहिनींनी अगदी सरळपणे विचारलं.

"कसली?"

"दातांच्या डॉक्टरची."

"ते वेगळं," ऊर्मिलाबाई म्हणाल्या.

"वेगळं कसं?" खैरनार काका चेष्टेत म्हणाले. "ताई, माझ्या रूनने सोलापूर रद्द केलंत. आता दाढही रद्द करा. सगळ्यांना नियम सारखा."

कुणीतरी हसलं. ऊर्मिलाबाई हसल्या नाहीत. पदराने गाल दाबून त्या म्हणाल्या, "माझं मन ठणक्यात होतं. असं असलं की रून नीट येत नाही. पुन्हा काढते."

मी पिशवी पुन्हा धरली.

दुसरी चकती बाहेर आली. एकच उभी रेघ.

या वेळी कुणी हसलं नाही. सेटमध्ये प्रत्येक रून एकदाच असतो, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण पहिली चकती अजून बाहेरच आहे, हे ऊर्मिलाबाईंच्या लक्षात आलं नाही. ठणक्यामुळे असेल, भीतीमुळेही असेल. त्यांनी मनगटापर्यंत हात आत घातला, तळापासून ढवळलं आणि तिसरी काढली. तिच्यावरही तीच रेघ होती.

मग त्यांनी पिशवीच सतरंजीवर उलटी केली.

उरलेल्या एकवीस चकत्या पसरल्या. काही पालथ्या पडल्या होत्या, त्या मी वाकून सरळ केल्या. सगळ्यांवर एकच रेघ.

"हे काय आहे?" ऊर्मिलाबाई म्हणाल्या. "तू फसवलंस मला?"

"हो," मी म्हणाले. "पण तुम्ही तीनदा हात घातलात."

त्यांनी रिकामी पिशवी खाली ठेवली.

"दीड वर्षापूर्वी माझी बहीण गेली. त्याच्या आदल्या चैत्रात ती इथे बसली होती. कुंदा पिंगळे. तिला इसा आला. ती म्हणाली होती, मी दुसरा काढते. तुम्ही तिला काढू दिला नाहीत."

"कुंदा?" त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग ती सुटली. "गाणारी? भूप गायली होती इथे एकदा. नंतर ती आलीच नाही." मग आवाज बदलला. "गेली?"

"छातीत गाठ होती. तुम्हाला सांगितलं होतं तिने."

"मी तिला डॉक्टरकडे जाऊ नकोस असं कधीच म्हटलं नाही!" त्या एकदम सरळ बसल्या. "कुणालाच म्हणत नाही मी तसं. हे सगळे साक्षीला आहेत. मी फक्त थांब म्हटलं."

"बरोबर," मी म्हणाले. "मीही तेवढंच म्हणतेय. डॉक्टरकडे जाऊ नका असं मी कुठे म्हणते? तुम्ही फक्त थांबा. पौर्णिमेपर्यंत. बर्फात सगळं जसंच्या तसं राहतं."

सूज डोळ्याखालपर्यंत चढली होती, कातडी ताणून चकचकत होती. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि बघितलेलं कुणाला दिसू नये म्हणून लगेच नजर खाली घेतली. मला दिसलं. ताईने किती वेळा असं कॅलेंडरकडे बघितलं असेल, ते मला माहीत नाही. तिने सांगितलं नाही.

"मी थांबेन," ऊर्मिलाबाई म्हणाल्या.

मला हे अपेक्षित नव्हतं. वर्गासमोर नाक राखण्यासाठी त्या ठणका सोसायला तयार झाल्या होत्या. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. "ठीक आहे. मग मीही बसते."

कुणी उठेना. उदबत्ती विझून गेली. खाली दुकानात कुणीतरी साडीचा काठ बदलून मागत होतं, ते वर ऐकू येत होतं. ऊर्मिलाबाईंनी लवंग या गालातून त्या गालात नेली आणि डोळे घट्ट मिटले. पापणीतून पाणी आलं. मी नजर हलवली नाही. मला त्यांची दया आली का, असं नंतर माझ्या नवऱ्याने विचारलं होतं. नाही आली.

पहिल्यांदा मालपाणी वहिनींना सहन झालं नाही.

"अहो ताई, असं काय करता? ताप भरलाय तुम्हाला, हात बघा किती गरम आहे. आमच्या चुलतदिरांना दाढेचाच पू गळ्यात उतरला होता, श्वास कोंडला त्यांचा. असल्याला थांबायचं असतं का? तो रून बिन राहू द्या बाजूला. उठा, डॉक्टरकडे चला!"

"खरंच ताई," खैरनार काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. "हा खेळ पुरे. रिक्षा आणतो मी."

"चला ताई," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणी. सगळेच म्हणू लागले.

मी सगळ्यांचं बोलणं संपू दिलं.

"वहिनी," मी मालपाणी वहिनींना विचारलं, "तुम्ही या वर्गाला किती वर्षं येता?"

"मी? चौथं." आणि मग त्या थांबल्या. त्यांचा हात ऊर्मिलाबाईंच्या मनगटावर होता, तो तिथेच राहिला. "मी होते," त्या हळू म्हणाल्या. "त्या बॅचला मी होते. कुंदाताई इथेच बसल्या होत्या, खिडकीशी. त्यांनी सांगितलं होतं गाठीचं."

"आता तुम्ही जे म्हणालात, राहू द्या तो रून, उठा, डॉक्टरकडे चला. हे त्या दिवशी तिला कुणी म्हणालं?"

वहिनींनी तोंडावर पदर घेतला. उत्तर मला वहिनींकडून नकोच होतं.

ऊर्मिलाबाई उठल्या. भिंतीला हात लावत, चकत्यांवर पाय पडणार नाही अशा बेताने दारापर्यंत गेल्या आणि चपला शोधू लागल्या. मी त्यांच्याआधी दारात जाऊन उभी राहिले.

"कुठे निघालात?"

"तुला दिसत नाही का?"

"तुम्ही सांगा."

"डॉक्टरकडे."

"रून काय म्हणाला?"

"बाजूला हो, निरुपमा."

"मी अडवणार नाही तुम्हाला. रून काय म्हणाला तेवढं सांगा आणि जा."

त्यांचा श्वास तोंडातून जोरात येत होता, लवंगेचा आणि पुवाचा मिसळलेला वास. त्यांनी एकदा मागे वळून आपल्या वर्गाकडे बघितलं. मग ठणक्याची कळ डोक्यात गेली असावी, कारण त्यांनी दोन्ही हातांनी गाल धरला आणि त्या ओरडल्या,

"थांब म्हणाला! लाकडाच्या तुकड्याला काय कळतं माझ्या दुखण्यातलं!"

त्यांच्या मागे सगळे उभे होते. प्रत्येकाने ते ऐकलं.

मी दारातून बाजूला झाले. खैरनार काका रिक्षा आणायला पुढे धावले. मालपाणी वहिनी जागच्या हलल्या नाहीत. ऊर्मिलाबाईंनी चपला उलट्या पायांत घातल्या होत्या, तशाच त्या कठडा धरून जिना उतरू लागल्या. मी वरून बघत राहिले. त्या एका पायरीवरही थांबल्या नाहीत.